दिव्यातले तेल

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे पहिल्यांदा उघडते ते वार्षिक राशिभविष्याचे पान. कथा-कवितांची पाळी मागाहून. मला याची गंमत वाटते, पण नवल वाटत नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळावे, ही माणसाची जुनी हौस. आणि साऱ्या जगाचेच पुढे काय होणार ते कळावे, ही तितकीच जुनी.

आपल्याकडे त्या बाबतीत घाई नाही. कलियुगाचे माप ४,३२,००० वर्षांचे. त्यातली जेमतेम पाच हजार सरली. कल्की यायला भरपूर सवड आहे! शुभवर्तमानांत मात्र ही सवड नाही. शेजारच्या पाळकसाहेबांनी मला मराठी नवा करार वाचायला दिला, तेव्हा मार्काच्या तेराव्या अध्यायापाशी मी थबकलो.

यरुशलेमच्या मंदिराचे प्रचंड चिरे पाहून एक शिष्य थक्क होतो, आणि येशू सांगतो की हे सारे ढासळणार. मग जैतुनाच्या डोंगरावर, मंदिराच्या समोर, चौघे शिष्य त्याला एकांतात विचारतात की हे व्हायचे केव्हा. तो लढाया, भूकंप, दुष्काळ, काळवंडलेला सूर्य अशी चिन्हे सांगतो. ही पिढी सरण्याआधीच सारे घडेल म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो की तो दिवस देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, एका पित्यालाच आहे.

आता याचा अर्थ लावायचा कसा? अर्धे भाकीत तर खरे ठरले. इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने मंदिर जाळले आणि पाडले. येशूच्या बोलण्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, म्हणजे पिढी सरायच्या आतच. पण मेघांवरून येणाऱ्या मानवपुत्राचे काय? काही भाष्यकार म्हणतात, सारा अध्याय मंदिराच्या नाशाविषयीच आहे. मेघ आणि सूर्य ही जुन्या संदेष्ट्यांची अलंकारिक भाषा. काही जण ‘पिढी’चा अर्थ ‘वंश’ असा करतात. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी तर १९०६ साली निर्भीडपणे लिहिले, की येशूला अंत खरोखरच जवळ वाटत होता, आणि तो आला नाही.

पोथीतल्या या वादाची किंमत साध्या माणसांनीही मोजली आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानिएलाच्या ग्रंथातल्या २,३०० दिवसांची वर्षे करून गणित मांडले. त्यांच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काही शेतकऱ्यांनी शेतातले पीक काढलेच नाही. तेवीस तारीख उजाडली, ती रोजच्यासारखीच. त्या सकाळी आपल्या शेताकडे परतणाऱ्या माणसाला हसणे मला जमत नाही. दिवस कोणालाच ठाऊक नाही, हे त्यानेही वाचले होते. पण चिन्हे बोटांवर मोजता येतात. जे कळायचेच नाही, ते कसे मोजावे?

मी पाळकसाहेबांना विचारले, “तुम्ही कोणता अर्थ खरा मानता?”

ते म्हणाले, “मास्तर, आधी मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचा. मग बोलू.”

तिथे दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहत आहेत. वराला उशीर होतो आणि दहाही जणींना झोप लागते. शहाण्या पाचजणीही झोपतात, हे माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आले. फरक एवढाच, की त्यांनी दिव्याबरोबर भांड्यात तेलही आणलेले असते. रात्रभर आभाळाकडे टक लावून बसायला त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मला पुन्हा श्वाइट्झर आठवले. अंत आला नाही असे लिहिणारा हा विद्वान मागाहून वैद्यक शिकला, १९१३ साली आफ्रिकेतल्या लांबारेने येथे गेला, रुग्णालय काढले, आणि १९६५ साली तिथेच वारला. तेल भरून ठेवणे म्हणजे काय, याचे याहून सोपे भाष्य माझ्या वाचनात नाही.