तपासणीच्या आदल्या रात्रीची खोली

कोलोनोस्कोपीसाठी परगावी एकटे जायचे असेल, तर खोली घेताना भाड्याच्या आधी नळ पाहावा. पोट साफ करण्याचे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण बहुधा आदल्या संध्याकाळपासून प्यावे लागते, तेही दोन ते चार लिटर. पुढचे काही तास शौचालयापासून दूर जाता येत नाही.

दादरच्या एका लॉजमध्ये नेमक्या त्याच रात्री माझ्या खोलीचे पाणी गेले. लिफ्टही बंद होती. उपाशीपोटी तीन जिने उतरून बादली आणण्याचे त्राण माझ्यात नव्हते. रात्रपाळीच्या मुलाने काही न विचारता चार बादल्या भरून आणल्या, म्हणून निभावले.

तेव्हा आधीच विचारून घ्या : शौचालय खोलीतच आहे ना? रात्रभर पाणी असते ना? चक्कर येण्याचा संभव असतो. म्हणून आतून कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप लावा आणि व्यवस्थापकाला तपासणीची कल्पना द्या. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

गुंगीचे औषध दिल्यावर परतताना सोबत लागतेच. ती आदल्या रात्रीपासूनच मागून घ्या. लेकीला रजा काढायला सांगणे जड जाते, हे मी जाणतो, तरीही सांगा.