मंडईत पन्नासचं भिंग

रविवारी फजरनंतर आम्ही मोमीनपुऱ्यातून निघालो. मी, आठवीतल्या चार मुली आणि आमच्या मोहल्ल्यातले फोटोग्राफर चाचा. शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलींना पुण्याचे फोटो हवे होते. चाचांनी तीसेक वर्षं लग्नांचे फोटो काढले. आता दुकान मुलगा सांभाळतो. मी बोलावलं आणि ते लगेच तयार झाले.

माझं स्वतःचंही एक काम होतं. अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. तिचा एकच फोटो घरात आहे, हजच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्टचा. मोठा करायला गेलं की चेहरा विरतो. भाईजानच्या लग्नाचे फोटो चाचांनीच काढले होते. त्यांच्या जुन्या निगेटिव्हमध्ये अम्मी कुठेतरी असेल, अशी आशा होती.

गंज पेठेतल्या फुले वाड्यावरून आम्ही पुढे निघालो. आज ज्यांचं नाव मंडईला आहे, त्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून. हे सांगितल्यावर मुली हसल्या. इमारत १८८६ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं.

चाचांची पिशवी लहानशी. मुलींना वाटलं होतं, दुर्बिणीसारखं लांब काहीतरी निघेल. निघाली तीन भिंगं: ३५, ५० आणि ८५ मिलिमीटरची. "पस्तीस जागेसाठी, पंच्याऐंशी चेहऱ्यासाठी आणि पन्नास सगळ्यासाठी," चाचा म्हणाले. कॅमेऱ्यावर पन्नासचंच होतं. ते एफ १.८ पर्यंत उघडतं, म्हणून छपराखालच्या कमी उजेडातही फ्लॅश लागत नाही. फ्लॅश पडला की माणूस दचकतो, आणि मग दचकलेला माणूसच फोटोत येतो, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींची अंत्ययात्रा टिपणारे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचाही भर पन्नासच्याच भिंगावर होता.

बाहेर दगडी इमारतीचा अष्टकोनी मनोरा होता. पन्नासच्या भिंगात तो मावेना. चाचांनी पस्तीसचं लावलं आणि मुलींना रस्त्यापलीकडे नेलं. "भिंग बदलण्याआधी पाय हलवा," एवढंच ते म्हणाले.

आत गाळ्यांवर भाजी रचली जात होती. मी विचारलं, "चाचा, दूरचं भिंग का नाही आणलं?"

"दूरच्या भिंगानं माणसाला न सांगता त्याचा चेहरा उचलता येतो. पन्नासनं चार-पाच पावलांवर जावं लागतं. मग तो मला बघतो, मी त्याला बघतो. सलाम-नमस्कार होतो, इजाजत मागावीच लागते."

त्यांनी होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगितली. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि साडी नेसून वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या बाई. त्यांच्याकडच्या कॅमेऱ्यांत एक रोलायफ्लेक्स होता. तो पोटाशी धरून वरून आत बघायचं. एका रोलवर बाराच फोटो. "मान खाली घातल्याशिवाय फोटो निघत नसे," चाचा म्हणाले. "कॅमेराच अदब शिकवायचा."

एका लिंबूवाल्या मावशींसमोर ते थांबले. कॅमेरा दाखवून नुसती मान हलवली. मावशींनी पदर तोंडाशी नेला. "माझा नको बाबा. लिंबांचा घे." चाचांनी कॅमेरा खाली केला, पाच लिंबं घेतली आणि पुढे निघाले.

आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "चाचा, पुढे जाऊन मोबाइलवर झूम करून घेते ना. त्यांना कळणारही नाही."

"त्यांना नाही कळणार, बेटा. तुला तर कळेल."

परतताना मी अम्मीचं विचारलं. चाचा थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "बहेनजी पहिल्याच दिवशी नको म्हणाल्या होत्या. पूर्ण लग्नात मी त्यांच्याकडे कॅमेरा केला नाही. निगेटिव्ह बघून उपयोग नाही."

मला राग आला, हे कबूल करते. दुसरा कुणी असता तर त्यानं न विचारता काढला असता, आणि आज माझ्या भिंतीवर अम्मी असती. मी बराच वेळ बोलले नाही. मग आठवलं: त्या लग्नात बाहेरचा पुरुष आत आला की अम्मी दुसऱ्या खोलीत जाई. चाचा आले की मात्र जागची उठत नसे. चहाही स्वतः नेऊन देई. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

फोटो नाही, याचं दुःख अजूनही आहे. पण आता चाचांवर राग नाही.

हस्तलिखितात अकरा फोटो लागले. त्यातल्या एकात नुसत्या लिंबांची रास आहे. खाली त्याच मुलीनं लिहिलं आहे: मावशी नको म्हणाल्या, म्हणून लिंबांचा फोटो.