परसातले बांबूचे बेट आणि मधली भिंत

परभणीहून जिंतूरची एसटी धरली की झरी, बोरी मागे पडेपर्यंत दोन्ही अंगांना काळी जमीन सोबत करते. गेल्या श्रावणात गेलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागले होते आणि कपाशीत बाया खुरपत होत्या. जिंतूर जवळ आले की जमीन चढू लागते, मातीचा रंग फिका होतो, मुरूम वर येतो आणि नेमगिरीचा डोंगर दिसू लागतो. तिथे जैन लेणी आहेत. पुढे चारठाण्याला जुनी हेमाडपंती देवळे आहेत. सवड काढून मुलाबाळांना ही ठिकाणे जरूर दाखवा. मला मात्र त्या दिवशी यांपैकी कुठेच जायचे नव्हते. मी निघालो होतो एक बांबूचे बेट बघायला. आणि खरे सांगायचे तर, माझीच एक चूक बघायला.

गावाचे नाव सांगत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या घरांत मला पुन्हा चहा प्यायचा आहे.

तेरा वर्षांपूर्वी या घरच्या आजोबांना परसाला कुंपण हवे होते. गुरे शिरायची, वांगी-मिरची खायची. मी त्यांना कळकाची रोपे सुचवली. कळक काटेरी, खालच्या फांद्यांचे आपोआप कुंपण होते, शिवाय बांबू घरचा. "कुठं लावू?" असे त्यांनी विचारले आणि मी म्हणालो, "लावा भिंतीकडेला, परसातली जागा मोडायला नको." भिंतीपासून तीन फूट अंतर धरले. रोप तेव्हा वीतभर होते, म्हणून तीन फूट पुष्कळ वाटले. मी रोपाकडे बघून अंतर ठरवले. बेटाकडे बघून ठरवायला हवे होते.

आजोबा आता नाहीत. आजींच्या नातवाचा फोन आला आणि आजीच बोलल्या, "सायेब, ह्ये बेट तुमीच लावाया सांगितलं व्हतं. आता काय करायचं त्येबी तुमीच सांगा."

बघितले तर बेटाचा बुंधा आठ फूट रुंद झालेला. मधली दगड-मातीची भिंत मध्यावर पोटासारखी पुढे आलेली. पलीकडे चुलत दिरांचे घर. त्यांच्या न्हाणीशेजारी दोन कोंब भिंतीखालून वर आलेले. पाने त्यांच्या पन्हाळीत साचतात, वाळवणावर सावली येते, साप निघेल म्हणून लेकरांना अंगणात सोडवत नाही. दोन वर्षांपूर्वी शब्दाला शब्द लागला आणि बोलणे बंद झाले. एरवी अर्ध्या गल्लीच्या गुढ्यांना काठी या बेटातली, लग्नाच्या मांडवाला बांबू या बेटातले. पलीकडचे म्हातारे रात्री वारले तेव्हा तिरडीचे बांबूही इथूनच गेले, आणि आजींनी कंदील धरून ते तोडून दिले होते. यंदा पाडव्याला मात्र पलीकडच्यांनी जिंतूरच्या बाजारातून काठी विकत आणली. भिंतीची गोष्ट आजींनी एकदा सांगितली, काठीची तीनदा.

आता या बांबूचे वागणे समजून घ्या. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. त्याचा जमिनीतला कंद दोन तऱ्हांचा असतो. एका जातीचा कंद दोरीसारखा लांब पळतो आणि कित्येक फुटांवर भलतीकडेच डोके काढतो. चीन-जपानकडचे असे काही बांबू इंग्लंड-अमेरिकेत लोकांनी शोभेला लावले आणि आज तिथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत त्यावरून भांडणे होतात. आपला कळक, मानवेल किंवा कोकणातला माणगा असा पळत नाही. त्याचा कंद आखूड. जुन्या काठीच्या कुशीला नवी काठी येते, तिच्या कुशीला पुढची. म्हणजे आपला बांबू पळत नाही, तो बाहेरच्या अंगाने फुगत जातो. म्हणूनच माणूस गाफील राहतो. पहिली चार वर्षे तर काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोंब येतात ते फक्त पावसाळ्यात. जमिनीतून निघतानाच काठीची जाडी ठरलेली असते. ती नंतर वाढत नाही. दोन-तीन महिन्यांत काठी पुरती उंच होते आणि मग दोन-तीन वर्षे नुसती पक्की होत राहते. कोंब हातभर असतो तोवर काकडीसारखा मऊ, विळ्याने कापता येतो. दिवाळीनंतर त्याच जागी कुऱ्हाड लागते. तेव्हा नको त्या बाजूचा कोंब काढायचा तो आषाढ-श्रावणात, दर आठ दिवसांनी बेटाभोवती एक फेरी मारून. कोंबाच्या सालीवर बारीक कूस असते, ती अंगाला खाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. काढलेले कोंब गाईम्हशींपुढे टाकू नका, कच्च्यात विषारी अंश असतो. विदर्भात यालाच वास्ते म्हणतात आणि उकळून, पाणी फेकून देऊन चवदार भाजी करतात. मी हे सांगितले तेव्हा आजींनी माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

सगळेच बेट काढून टाका, असे नातवाचे म्हणणे होते. जेसीबी बोलावला असता तर काम झाले असते, पण जेसीबी परसात येणार कुठून? नुसत्या काठ्या तोडून बेट मरत नाही. कंदात साठा असतो; तो पुढची दोन-तीन वर्षे बारीक झुडपासारखे फुटवे देत राहतो, आणि तो प्रत्येक फुटवा खुडत राहावे लागते. तणनाशकाचे मी नावही काढू दिले नाही; दहा पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. आणि मुख्य म्हणजे आजींना बेट हवे होते, मालकाने लावलेले म्हणून.

मग भिंतीकडची बाजू तेवढी मोडायची ठरली. आधी त्या अंगाच्या काठ्या जमिनीलगत कापल्या. भर पावसाळ्यात बांबू तोडू नये हे मीच सांगत असतो. अशा काठीला घुणा लवकर लागतो. पण त्या काठ्या पन्हाळीवर कलल्या होत्या, इलाज नव्हता. मग खणणे. कंद म्हणजे नुसता दगड. कुदळीचा दांडा मोडला, टिकाव बोथट झाला. पहारेवाचून भागेना आणि पहार या घरात नव्हती. नातवाने गल्लीत दोन घरी विचारले. शेवटी तो पलीकडच्या घरी गेला. कसा गेला, काय म्हणाला, मला ठाऊक नाही. पहार घेऊन आला.

दोन माणसांना दीड दिवस लागला. भिंतीपासून दोन फूट जागा मोकळी झाली आणि तिथे दोन फूट खोल चर राहिला. बांबूचा कंद आणि बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून एवढी खोली पुरते. चर बुजवायचा नाही, तो उघडाच ठेवायचा. त्यात कंदाचे तोंड आले की दिसते आणि छाटता येते. पाने मात्र मृगाच्या आधी काढून उकिरड्यात टाकावीत. पाल्याने भरलेला चर नसल्यासारखाच. भिंतीच्या पायात पाणी मुरू नये म्हणून चराला परसाच्या बाजूला उतार दिला.

निघालेल्या कंदांचा ढीग तसाच राहिला. वाळले की जळणाला चांगले, असे मी म्हणालो. बांबू जाळला की वंश जळतो, म्हणून कुणी हात लावीना. मी आग्रह धरला नाही.

ज्यांना नव्याने लावायचा असेल त्यांनी घर, भिंत आणि विहिरीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब लावावा. धुऱ्यावर लावताना हेही ध्यानात ठेवा की रब्बीत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पडते. त्याला आधी विचारा. लागलेल्या बेटात दिवाळी ते शिमगा या काळात तीन वर्षांवरच्या काठ्या काढाव्यात, यंदाच्या राखाव्यात. कोवळ्या काठीला पेऱ्यावर कोरड्या टोप्या चिकटलेल्या असतात. जुनी काठी करडी, डागाळलेली दिसते. बेट फार दाटले तर एका अंगाने घोड्याच्या नालासारखी वाट पाडून मधल्या जुन्या काठ्या ओढून काढाव्यात. बाहेर-बाहेरच्या सोप्या काठ्या तोडत राहिलात तर मधले सडते. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावे, असे जुने लोक सांगतात. मला त्याचा पडताळा नाही, पण पाळायला खर्च काही येत नाही. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर घुणा कमी लागतो, हे मात्र खात्रीने सांगतो.

पूर्वी बांबू तोडायला परवाना लागेल अशी धास्ती असायची. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. २०१७ साली वनाबाहेरच्या बांबूपुरती ती वगळली गेली. आपल्या शेतातला, परसातला बांबू तोडायला त्या कायद्याची आडकाठी आता नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम उरकले. आजींनी पहार स्वतः धुतली, पुसली आणि नातवाच्या हाती दिली. कापलेल्या काठ्यांतली एक सरळ, पक्की काठी निवडून तीही दिली. पोरगा गेला आणि थोड्या वेळाने हात हलवत परत आला.

"काय म्हणाले?" आजींनी विचारले.

"काईच नाई. पहार ठिवून घेतली."

"आन् काठी?"

"तीबी."

आजी उठून चुलीकडे गेल्या. माझी जिंतूरची गाडी साडेपाचला होती, मी पिशवी उचलली. चर बघायला आश्विनात पुन्हा येतो, असे सांगून निघालो.