मांजराचें सोंवळें

एकत्र कुटुंबांत राहणें म्हणजे एकमेकांच्या आवडीनिवडी संभाळणें, असें सामान्यतः समजलें जातें. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. आवडीनिवडींची तडजोड फारशी अवघड नसते. एकाला तिखट हवें व दुसऱ्याला गुळचट हवें, तर आमटीच्या दोन वाट्या निराळ्या काढतां येतात. एकाला पंखा हवा व दुसऱ्याला नको, तर अंथरुणांची अदलाबदल होते. खरी परीक्षा होते ती, एकाच्या जिवाला जें सुख देतें तेंच दुसऱ्याच्या श्वासाला बाधतें तेव्हां. अशा वेळीं कोणाचेंच म्हणणें चूक नसतें, आणि म्हणूनच निवाडा कोणीं व कसा करावा हें समजत नाहीं.

आमच्या घरीं हा प्रश्न एका मांजराच्या पायीं उभा राहिला.

आमचें घर पुण्याच्या एका पेठेंतलें, जुन्या बांधणीचें. राहतीं माणसें नऊ. तळमजल्यावर देवघर, स्वयंपाकघर व आत्यांची खोली. वरच्या दोन मजल्यांवर बाकीचे सर्व. आत्या या घरांतील सर्वांत वडील, वय ७९. यजमान गेल्यावर त्या माहेरीं आल्या, त्याला ४० वर्षें होऊन गेलीं. सहा वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत करड्या पट्ट्यांची एक मांजरी जिन्याखालीं येऊन बसली. आत्यांनीं तिला वाटींत दूध दिलें, आणि मनी हें नांवहि दिलें. मांजर ही वाघाची मावशी असें आपण म्हणतों. आमच्या घरीं ती आत्यांची लेक झाली. रात्रीं आत्यांच्या पायांशीं, दुपारीं त्यांच्या जपाच्या पाटाशेजारीं, असा तिचा नेम. आत्यांचें सोंवळें कडक; पण त्यांत मनीला मुभा होती.

तीन वर्षांपूर्वीं नानांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या, धाकट्या सूनबाई घरांत आल्या. त्या नागपूरच्या. आल्या तेव्हांपासून सकाळीं उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, डोळ्यांना पाणी, नाक चोंदलेलें. घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाजवळ एकेक निदान तयार होतें. कोणी म्हणे पुण्याची हवा मानवत नाहीं, कोणी म्हणे ओले केस तसेच बांधते. आत्यांनीं सुंठ उगाळून दिली, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. गेल्या मार्गशीर्षांत मात्र एके रात्रीं सूनबाई अंथरुणांत उठून बसल्या आणि त्यांच्या छातींतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागला. दुसऱ्याच दिवशीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून सुईनें हलकेंच टोंचलें. १५ ते २० मिनिटांत मांजराच्या थेंबाखालीं चांगली ठसठशीत गांधी उठली. निदान झालें : मांजराची ॲलर्जी, आणि तिच्यामुळें बळावलेला दमा.

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रचारांत आणला. आपल्या भाषेंत मात्र वावडें हा नेमका शब्द आधींपासूनच आहे. एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शरीर शत्रू समजतें आणि तिच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवतें. आयजीई नांवाच्या या प्रतिद्रव्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमध्यें तेथील संशोधकांनीं लावला. मांजराच्या बाबतींत बहुतेकांना बाधणारी वस्तु म्हणजे फेल डी १ हें प्रथिन. तें मांजराच्या कातडींतील स्निग्ध ग्रंथींत व लाळेंत असतें. मांजर दिवसभर अंग चाटतें. लाळ केसांवर सुकते. तिचे व कातडीचे अतिसूक्ष्म कण हवेंत उडतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. कपड्यांना चिकटून ते इतके दूर जातात कीं, ज्या घरांत मांजर कधीं आलेंच नाहीं तेथेंहि ते सांपडतात. म्हणजे आपण ज्याला दोष देतों तो केस बिचारा केवळ हमाल, माल दुसऱ्याचाच.

हें समजल्यावर नानांच्या तिन्ही युक्त्या फुकट गेल्या. पहिली, मनीचे केस बारीक कापण्याची. ती वरील कारणानेंच निकालांत निघाली. दुसरी, तिला दर आठवड्यास न्हाऊं घालण्याची. अंघोळीनें अंगावरील प्रथिन कमी होतें खरें, पण दोन-चार दिवसांत तें पुन्हां पूर्ववत् होतें. शिवाय पहिल्याच प्रयोगांत मनी कोरडी राहिली व नानांच्या हातांवर बोरखडे उमटले. तिसरी युक्ति सर्वांत पटण्यासारखी होती : मनीला आठ दिवस चुलतभावाकडे ठेवावें आणि शिंका थांबतात का तें पाहावें. डॉक्टर म्हणाले, "असा प्रयोग करूं नका. मांजर गेलें तरी त्याचे कण गाद्यांत, पडद्यांत, गालिच्यांत राहतात. ते मांजर नसलेल्या घराइतके कमी व्हायला चार-सहा महिने लागतात. आठ दिवसांत शिंका थांबणार नाहींत आणि तुम्ही मांजराला निर्दोष ठरवाल."

त्यांनीं हेंहि स्पष्ट सांगितलें कीं, सर्वांत खात्रीचा उपाय मांजर घरांत नसणें हाच होय. बाकीचे सर्व उपाय दुय्यम.

त्या दिवशीं रात्रीं जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं. सूनबाईच म्हणाल्या, "मनीला कुठें पाठवूं नका. मी वरच राहीन." आत्या कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पूजा आटोपल्यावर त्यांनीं सूनबाईंना ओसरीवर बोलावलें.

"मांजर जवळ आलें कीं त्रास होतो, हें तुला कळलें नव्हतें का ग?"

"कळलें होतें, आत्याआजी. पण माझ्यामुळें तुमची सोबत गेली, असें व्हायला नको होतें."

"सोबत मांजराची असते, तशी माणसांचीहि असते. तुझा श्वास कोंडत असतां मला खालीं झोंप लागेल, असें वाटलें तुला?"

मग आत्यांनीं आपला निर्णय सर्वांना ऐकवला. चार महिने डॉक्टर सांगतील तें औषध आणि तो नियम पाळावयाचा. रोजचा हिशेब त्या स्वतः ठेवणार. डॉक्टर नाहीं म्हणाले तर मनी समोरच्या बंगल्यांतील बाईंकडे जाईल. त्यांना त्यांनीं सकाळींच विचारून ठेवलें होतें. आणि शेवटची अट अशी कीं, मनीनें राहावें कीं जावें हें सूनबाईंना कोणीं विचारावयाचें नाहीं. "ती नेहमीं बरें आहे असेंच म्हणेल. घरांत नवीन आलेलें माणूस दुसरें काय म्हणणार?" ही अट आम्हांला सर्वांत मोलाची वाटली. लहानाच्या संमतीवर मोठ्यांची सोय उभी करणें फार सोपें असतें; आत्यांनीं ती वाट स्वतःच बंद केली.

तेव्हांपासून आमच्या घरांत मांजराचें सोंवळें सुरू झालें. मनीनें तळमजल्यावर राहावयाचें. जिन्याचें दार लावलेलें. तिला ज्यानें शिवलें त्यानें हात धुवून, कपडे बदलूनच वर जावयाचें. ते कपडे निराळ्या दांडीवर. दिवाणखान्यांतील गालिचा व लोड गेले. उघड्या शहाबादी फरशीवर ओलें फडकें फिरूं लागलें, कारण कोरड्या केरसुणीनें कण उलट उडतात. केर काढण्याचें काम सूनबाईंकडून काढून घरांतील पुरुषांकडे आलें. त्यांच्या निजण्याच्या खोलींत हेपा जातीची गाळणी असलेलें हवा शुद्ध करणारें यंत्र आलें. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण ही गाळणी अडवते. परंतु गादींत बसलेले कण तिच्या हातीं लागत नाहींत, म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्यास धुणें चुकत नाहीं.

कोंबडीच्या अंड्यांतील प्रतिद्रव्य घातलेलें एक मांजराचें खाद्य २०२० पासून अमेरिकेंत विकलें जातें. तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरील प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनीं उतरतें, असें त्याच्या उत्पादकांच्या अभ्यासांत दिसलें. अंड्याचें नांव ऐकून आम्हीं आत्यांकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, "मनी कुठें सोंवळ्यांत आहे?" तूर्त तें आम्हीं आणलेलें नाहीं. प्रथिनाच्या अल्प मात्रा टोंचून शरीराला संवय लावण्याचाहि उपचार आहे. लंडनमध्यें लिओनार्ड नून यांनीं १९११ सालीं गवताच्या परागांवर त्याचा आरंभ केला. पण त्याला तीन ते पांच वर्षें लागतात, आणि दमा आटोक्यांत आल्याशिवाय तो सुरू करीत नाहींत.

या सोंवळ्यांत एक गोष्ट मात्र खरोखर हरवणार होती. आत्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरहि बारीक अक्षर दिसत नाहीं. रोज संध्याकाळीं सूनबाई त्यांच्या खोलींत बसून वर्तमानपत्र व पोथी वाचून दाखवीत. ती खोली आतां त्यांना बंद झाली. यावर आत्यांनींच तोड काढली. वाचन ओसरीवर, उघड्या हवेंत होतें. आणि त्याआधीं आत्या हातपाय धुवून धुतलेलें पातळ नेसतात. ७९ व्या वर्षीं, गुडघे धरलेले असतां, दिवसांतून एकदां जास्त लुगडें बदलणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांना सांगावयास नको.

चार महिने झाले. श्वासाचा जोर मोजण्याच्या नळीवर आरंभीं ३०० च्या आसपास येणारा आंकडा आतां ३८० पर्यंत जातो. आत्यांच्या वहींत तिथीशेजारीं तो रोज लिहिलेला आहे. रात्रीं उठून बसण्याची वेळ गेल्या महिन्यांत एकदांच आली. यांत सूनबाई रोज ओढतात त्या औषधाचें श्रेय किती व सोंवळ्याचें किती, हें डॉक्टरांनाहि वेगळें काढतां येत नाहीं. त्यांनीं मुदत आणखी चार महिने वाढवली आहे. औषध आपण होऊन थांबवावयाचें नाहीं, अशी ताकीद दिली आहे. पुन्हां तशी रात्र आली तर मनी समोर जाईल, आणि त्याबद्दल घरांत वाद होणार नाहीं.

ज्यांच्या घरीं मांजर आहे आणि कोणी सारखें शिंकत आहे, त्यांना आमचें सांगणें इतकेंच : आधीं तपासणी करून घ्या; आठ दिवसांच्या प्रयोगावर विसंबूं नका; आणि निर्णयाचा भार ज्याला त्रास होतो त्याच्यावर टाकूं नका. सोंवळें या शब्दाला अलीकडे वाईट नांव आलें आहे, व तें पुष्कळ अंशीं योग्यहि आहे. कारण दुसऱ्याला विटाळ मानण्यासाठींच त्याचा बहुधा उपयोग झाला. आपल्यामुळें दुसऱ्याला बाधा होऊं नये म्हणून स्वतः घेतलेले कष्ट, असाहि त्या शब्दाचा एक अर्थ होऊं शकतो. तो आम्ही आत्यांकडून शिकत आहों.