दलच्या काठाने सायकलवर

श्रीनगरला जाणारे बहुतेक पर्यटक दल सरोवर शिकाऱ्यातून पाहतात. तासाभराची फेरी, चार फोटो, की झाले. आम्ही दोघे आणि आमची दोन मुले, अशा चौघांनी सप्टेंबरात एक सबंध दिवस राखून ठेवला आणि सायकलींवरून दलला फेरा मारला. दलगेट, निशात, शालिमार, हजरतबल आणि रैनावारीमार्गे पुन्हा दलगेट, हा रस्ता २५ ते ३० किलोमीटरचा आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर उंचीवर असले तरी काठाचा रस्ता बराचसा सपाट आहे. सायकली भाड्याने मिळतात. पोरांना दम लागत नाही आणि मोठ्यांचीही लाज राहते.

फज्रच्या नमाजनंतर निघालो. काश्मिरात पाव भाजणाऱ्याला कांदुर म्हणतात. त्याच्या तंदूरमधून निघालेला गरम गिरदा आणि गुलाबी, खारट नून चहा, एवढी न्याहारी पुरली. डावीकडे पाणी, उजवीकडे झबरवानचे डोंगर. सायकलचा वेग असा, की पाण्यावरची माणसे नीट दिसतात. कुणी होडीतून भाजी नेत होते, एक बाई लांब काठीने शेवाळ ओढून होडीत भरत होती. गवत आणि शेवाळाच्या थरांवर इथे तरंगत्या बागा करतात. त्यांना ‘राध’ म्हणतात आणि त्यांवर टोमॅटो, काकडी पिकते. ज्याला आपण देखावा म्हणतो, ते कित्येक घरांचे शेत आणि अंगण आहे.

निशात बाग नूरजहानचे बंधू आसफ खान यांनी १६३३ च्या सुमारास उभारली. डोंगराचे पाणी बारा पायऱ्यांसारख्या टप्प्यांवरून खाली सरोवराकडे उतरते. पुढची शालिमार बाग जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये सुरू केली. तिच्या मधल्या कालव्यात हारवनकडून पाणी येते. मलिक अंबरच्या नहरींचा वारसा पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकांना या बागा लगेच आपल्या वाटतील. उतार ओळखून पाणी दूरवर नेण्याची कला तीच. पाणी अडवून ठेवायचे नाही, त्याच्याकडून काम आणि आनंद घ्यायचा आणि पुढच्याच्या हवाली करायचे.

शालिमारनंतर तेलबलचा नाला ओलांडला. मारसर सरोवरापासून निघून दाचीगामच्या जंगलातून येणारा हा प्रवाह दलला पाणी पुरवतो. पण दलला मिळणारे सगळेच पाणी असे निर्मळ नसते. पुढे एका कोपऱ्यात मुलांनी नाकाला रुमाल लावला. पाण्यावर हिरवा साका, त्यात वेफर्सची पाकिटे. वस्त्यांचे आणि हॉटेलांचे सांडपाणी सरोवरात उतरते, त्यावर शेवाळ माजते आणि उघडे पाणी आक्रसत जाते. तिथे होडी बांधत असलेले एक वृद्ध म्हणाले, “आमचे आजोबा हेच पाणी ओंजळीने प्यायचे.” त्यावर आम्हाला बोलायला काही सुचले नाही.

दुपारी हजरतबलला पोहोचलो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचा पवित्र केस, मू-ए-मुकद्दस, इथे जतन केलेला आहे. काश्मीरच्या जुन्या मशिदी लाकडी आणि उतरत्या छपरांच्या. ही मात्र पांढऱ्या संगमरवराची, घुमटाची. सध्याची इमारत १९७९ मध्ये पूर्ण झाली. वजू करताना मुलीने विचारले, “अब्बा, हे पाणी पुढे कुठे जातं?” तिच्या अम्मीने तिला ती हदीस सांगितली, ज्यात वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी ताकीद आहे. मुलीने नळ बारीक केला. जुहरनंतर बाजारात कमळाच्या देठाची, म्हणजे नदरूची, कुरकुरीत भजी आणि ताटाएवढा पराठा खाल्ला. कागद आणि पिशव्या मुलांनी न सांगता आपल्या सॅकमध्ये ठेवल्या.

परतीला रैनावारीच्या गल्ल्यांत रहदारी असते, तिथे सायकल हातात धरून चालावे. संध्याकाळी थंडी पडते, स्वेटर जवळ असावा.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दलगेटला मिळाले. दलचे पाणी इथून बाहेर पडून झेलमला मिळते. झेलम पुढे वुलर सरोवरात जाते आणि तिथून सोपोर, बारामुल्लाकडे. त्या गावांतही कुणी वजू करत असेल, कुणी भात शिजवत असेल. सहलीला आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातून गेलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचते. पाणी ही अमानत आहे, हे आपण मुलांना घरी सांगतोच. दलच्या काठाने एक दिवस सायकल चालवली, की ते त्यांना डोळ्यांनी दिसते.