भेगांच्या गावी

पुण्याहून निघताना पिशवीत दोन वस्तू जपून घेतल्या होत्या. मावशीसाठी बाकरवडी आणि तिच्या नातीसाठी पाण्यात तरंगणाऱ्या जेलच्या चकत्यांची बाटली. धामणगावला आगगाडी सोडून मी यवतमाळच्या एस. टी.त बसलो. जूनचा पहिला आठवडा, ऊन मी म्हणत होतं. बाभूळगावला उतरून पाहतो तो काचेसारख्या चकत्या आकसून खोबऱ्याच्या वडीसारख्या पांढऱ्या झालेल्या!

हे जेल म्हणजे लांबलचक रेणूंचं पाण्याने फुगलेलं जाळं. सुमारे ३२ अंशांखाली रेणू पाण्याला बिलगून असतात. पारा वर चढला की आपसांत गोळा होतात आणि पाणी बाहेर टाकतात. जेल असं एकाएकी आकसू शकतं हे अमेरिकेत तोयोइची तनाका यांनी १९७८ साली दाखवलं. प्रयोगशाळेत त्यासाठी मला पाणी तापवावं लागतं. इथे एस. टी. पुरली.

नातीने बाटली माठातल्या पाण्यात बुडवली. चकत्या हळूहळू पुन्हा फुगल्या, नितळ झाल्या.

"हे वावरात टाकलं तं?" मावसाजींनी विचारलं.

"ऐन उन्हात पाणी सोडेल, मावसाजी. पण आधी त्याला पाजायचं कोणी?"

ते हसले; पण फार वेळ नाही. घरात बियाण्याच्या थैल्या होत्या. मागल्या साली दुबार पेरणी झाली होती.

संध्याकाळी वावरात गेलो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढाल्या भेगा. मी फोटो काढू लागलो.

"कायचा फोटो काढतं? भेग नोहे थे, तोंड हाय जमिनीचं. पयलं पानी इथूनच खाली जाते."

मी ओशाळलो. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे पापुद्रेही पाण्याने फुगतात, सुकले की आकसतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आणि माझा धंदा तरी काय? जेल गोठवायचं, त्यातला बर्फ निर्वातात उडवायचा आणि उरलेला सांगाडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मधाच्या पोळ्यासारखी सुरेख भोकं दिसतात. पण त्यांतली बरीचशी बर्फाच्या स्फटिकांची पाऊलखुणा असतात. जेलची खरी वीण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्श्यांत मोजावी इतकी बारीक. ओल्या जेलची ओळख म्हणून मी ती कोरडी चित्रं कितीदा तरी मिरवली होती! यवतमाळचीही माझी ओळख तशीच, वर्तमानपत्रांतल्या भेगांच्या फोटोंवरून झालेली.

म्हणून मावसाजींची काळजी खोटी ठरत नव्हती. रात्री अंगणात बाजेवर पडून ते कितीतरी वेळ आभाळ न्याहाळत होते.

जुलैत त्यांचा फोन आला. आवाजामागे पाऊस ऐकू येत होता.

"आता ये फोटो काढाले," ते म्हणाले. "एकतरी भेग सापडली तं सांग!"