मिसिंग

होटगी रोडवर आज बाबांची पद्मिनी पुन्हा मिसिंग मारू लागली. रेस दिली की आचके, मधूनच कार्बोरेटरमधून फटफट. कॉइल बदला, असं दोघातिघांनी सांगितलं. मिस्त्रीकाकांनी मात्र आधी प्लग काढून उन्हात धरले. चारही पांढरेफटक. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी दिसतं; पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मग म्हणाले, "चोक अर्धा ओढा." ओढला, आणि इंजिन शांत चालू लागलं. दोष ठिणगीचा असता तर चोकने असा उतार पडला नसता. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडताच आवाज बदलला. तिथलं पॅकिंग वाळून तडकलं होतं, त्यातून इंजिन फुकटची हवा ओढत होतं.

गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली; पण तो उभारणारे वालचंद हिराचंद १८८२ साली जन्मले आपल्या सोलापुरात. इथे तरी ती नीट चालावी, असं मला फार वाटतं.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनो, कॉइलवर पैसे घालण्याआधी प्लगचा रंग बघा.